वाटीतलं शिंपलं

दक्षाने फ्रीझरमधून पास्त्याचं तिसरं पाकीट काढून ओट्यावर आपटलं. आतल्या पट्ट्या सुट्या व्हायला हव्या होत्या; निघाला तो एकच गठ्ठा. पाण्यात टाकला की लगदा ठरलेला. डहाणू रोडच्या दुकानदाराने कालच बजावलं होतं, "बेन, पुन्हा असा माल आला तर दुसरीकडून घेईन."

दोष कुणाचा, हे दक्षाने आपटतानाच ठरवून टाकलं होतं. मसोलीतल्या तिच्या घरी विक्रीसाठी बनणाऱ्या पास्त्याला हात लागायचे दोघींचे, तिचे आणि पुतळीबाईचे. स्वतःचे वगळले की उरलं कोण? पुतळी खाडीकडच्या मच्छीमार वस्तीतली, पन्नाशीची. नवरा होता तोवर तिने मासे विकले, आता दोन वर्षं इथे पीठ मळत होती.

"पट्ट्या नीट वाळवल्या होत्या ना, पुतळीबाई?"

"तासभर. पंख्याखाली."

"रवा भुरभुरला?"

"रोज भुरभुरते."

"आधी ताटात मोकळ्या गोठवून मगच पिशवीत भरल्या?"

"तुमी शिकवलं तसंच, बेन."

उत्तरं चोख आली म्हणून दक्षाचा संशय आणखीच वाढला. खरं बोलणारा माणूस जरा तरी अडखळतो, असं तिचं मत. आता अशा बाईपुढे बोलावं तरी कसं? अडखळलं तरी चोर, नाही अडखळलं तरी चोर. पुढचे पंधरा दिवस ती पुतळीवर डोळा ठेवून होती. फ्रीझर किती वेळ उघडा ठेवते, येताजाता पिशवी एवढी फुगलेली का, सगळं बघत होती.

मग एकदा फ्रीझर रिकामा करताना मागे एक काचेची वाटी हाताला लागली. वाटीत बर्फ, आणि बर्फाच्या तळाशी एक शिंपलं. दक्षाच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. तिचं डोकंच फिरलं.

"माझ्या फ्रीझरमध्ये मच्छी ठेवतेस तू?"

"धुतलेलं रिकामं शिंपलं आहे, बेन."

"पिशवी दाखव."

पुतळीने पिशवी पुढेही केली नाही, मागेही घेतली नाही. दक्षानेच ती ओढून टेबलावर रिकामी केली. फणी, बीपीच्या गोळ्या, घराची किल्ली, रिकामा डबा, आणि घडी घातलेली धुतलेली साडी. पिठाने भरलेल्या साडीत पुतळी वस्तीतून जात नसे, म्हणून पिशवी फुगायची.

पुतळीने वाटी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. "मी पाणी आधी गोठवलं. शिंपलं वर ठेवलं, बर्फावर. ते खाली कसं गेलं?"

दक्षा वाकून वाटीच्या तळाकडे बघू लागली.

"बर्फ वितळल्याबिगर जात नाय. रातचा फ्रीझर बंद असतो, बेन. माल सुटतो, चिकटतो, सकाळी परत गोठतो. होडीची बर्फाची पेटी मी सांभाळलीय. पाकीट हाताला लागलं तेव्हाच कळलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी म्हणाला असता, पुतळी आपलं झाकते."

जतीन, दक्षाचा नवरा, स्कूटरची किल्ली शोधत आत आला. दक्षाने विचारलं, "रात्री फ्रीझरचा प्लग कोण काढतं?"

"मीच. नवी स्कूटर चार्जिंगला लावतो ना. पहाटे परत लावतो की. एवढ्याने काय होतं?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! दक्षाला लाज वाटली, पुतळीकडे बघवेना. तिने आलं घालून चहा केला. प्लगवर चिकटपट्टी लावली, जतीनला चार शब्द सुनावले. पुतळीसाठी माफीचा एक शब्द मात्र तिच्या तोंडातून निघाला नाही. पुतळीने चहा घेतला आणि नव्या पट्ट्या कापून ताटात मोकळ्या पसरल्या. रवा नेहमीसारखाच भुरभुरला.

सहा वाजता ती साडी बदलून निघाली आणि दारातून परत आली. फडक्याने टेबलाचा कोपरा पुसून तिने पिशवीतून एकेक वस्तू काढून मांडली. फणी, गोळ्या, किल्ली, डबा, पिठाची साडी. मग पिशवी उलटी करून झटकली.

"बघून घ्या, बेन."

"नको हो, पुतळीबाई. ठेवा ते."

दक्षाची नजर सगळ्या वस्तूंवरून फिरेपर्यंत पुतळी हलली नाही. मग सगळं भरून गेली.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता तिने टेबलाचा कोपरा पुन्हा पुसला.