कानाची वाट

"मेंदू अभ्यासाला द्याल का?" डॉक्टर सौम्यांनी हलक्या आवाजात विचारलं, तेव्हा बाळ अजून प्रियदर्शनीच्या मांडीवरच होतं. सकाळी गेलेलं. सत्त्याण्णवच्या मार्चातलं ते आठवडाभराचं आयुष्य, त्यातलंही बरंचसं आकडीच्या झटक्यांत सरलेलं.

"चिरफाड नको," तिचा नवरा गिरीराज म्हणाला. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून तो तसाच आला होता. "बाळ आहे तसं माझ्या हाती द्या."

"पोर सगळंच्या सगळं मातीत जायला पायजे," त्याची आई तानूबाई म्हणाली. "अर्धं मागं ठिवून कसं जाईल ते?"

डॉक्टरांनी घाई केली नाही. गर्भाच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मेंदूच्या पेशी आतून निघतात, वरच्या थरात आपापल्या जागी जाऊन बसतात आणि मग एकमेकींशी जोडल्या जातात, असं त्यांनी समजावलं. ह्या बाळाच्या पेशी वाटेतच थांबल्या होत्या.

"तेव्हा मी येलहंक्याला, आईकडं होते," प्रियदर्शनी म्हणाली. "ओकाऱ्यांनी पोटात काही ठरत नव्हतं. त्यानं झालं?"

"नाही. त्यानं असं होत नाही."

तिनं बाळाच्या कानावरून बोट फिरवलं.

"पोटात असताना माझं बोलणं त्याला ऐकू जात होतं?"

"कानाची वाट मेंदूच्या खालच्या भागातून जाते. ती आधी तयार होते. आवाज पोचत असणार. त्यातलं त्याला काय कळलं, ते मला सांगता येणार नाही."

बसवनगुडीच्या दोन खोल्यांत ती दिवसभर त्याच्याशी बोलायची. भाजी कुठली करू, इथपासून. सासू हसायची.

"घ्या मेंदू," प्रियदर्शनी म्हणाली. "का थांबल्या त्या, ते शोधा."

गिरीराज काहीतरी बोलणार होता. तिच्याकडे बघून तो व्हरांड्यात निघून गेला. परत आला आणि मुकाट्यानं सही केली.

संध्याकाळी बाळ हाती मिळालं, पांढऱ्या कापडात, कपाळापर्यंत पट्टी बांधलेलं. तानूबाईनं कुणाला घेऊ दिलं नाही. पट्टी झाकेल असा पदर ओढून तिनं त्याला छातीशी धरलं आणि रिक्षात दोघांच्या मधे बसली.

सिग्नलला रिक्षावाल्यानं मागं वळून पाहिलं. "मगु मलगिदेया?" बाळ झोपलंय का, म्हणून कानडीत विचारलं त्यानं.

गिरीराज बाहेर बघत राहिला. प्रियदर्शनीनं डोळे मिटून घेतले.

"हौदु, झोपलंय," तानूबाई म्हणाली. "स्वल्प सावकाश चालव, अण्णा."

त्यानं मान डोलावली आणि खड्डे चुकवत, हॉर्नही न वाजवता, रिक्षा घरापर्यंत नेली.