वाफ्याचा ढेकर

लग्न होऊन मी ज्या पहिल्या घरात आले, तिथल्या मोरीला ढेकर यायचे. वरच्या मजल्यावर कोणी बादलीभर पाणी ओतलं की आमच्या मोरीच्या जाळीतून आधी श्वास ओढल्यासारखा आवाज यायचा, मग पोट भरल्यासारखा मोठा ढेकर, आणि मागोमाग गटाराचा वास. नवरा नळकाम करणारा आणि त्याच्याच घरात ही तऱ्हा. पहिल्याच आठवड्यात मी बोलून गेले, "अहो, लोकांच्या मोऱ्या गप्प करता, मग आपलीच का बोलते?"

मी थट्टेत म्हटलं होतं, ह्यांनी ते मनाला लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी कामावर न जाता मोरीमागची भिंत फोडली. सांडपाण्याच्या पाइपच्या वाकणावर करंगळीएवढी एक नळी बसवली, ती भिंतीबाहेरून छतापर्यंत नेली आणि गांधीलमाशीनं आत घर करू नये म्हणून तिच्या तोंडाला तांब्याच्या तारेची जाळी विणून बांधली. त्या नळीतून वारा आत जातो आणि मोरी गप्प बसते, एवढंच मला तेव्हा कळलं. मोरी खरंच गप्प बसली. हे मात्र चार दिवस सगळ्यांना सांगत होते, बायकोनं पहिलं काम काढलं ते माझ्याच घरात.

त्याला एक्कावन्न वर्षं झाली. मधल्या काळात ह्यांनी किती घरांना पाणी दिलं, ते मोजायचं म्हटलं तर जमायचं नाही. मग दोन वर्षांपूर्वी हे शिडीवरून पडले. उजवं मनगट मोडलं, आत पट्टी घातली, हाड जुळलं. पण हात थरथरायला लागला तो लागलाच. तरी कामं घेणं सुटलं नव्हतं. एकदा शेजारच्या घरात नळ बसवून आले आणि तो रात्रभर ठिबकला. शेजाऱ्यांनी बिचाऱ्यांनी तोंडावर काही म्हटलं नाही. सकाळी दुसऱ्या प्लंबरची सायकल त्यांच्या दाराशी दिसली, तेवढंच. ह्यांनी चहा अर्धा टाकला, आपली हत्यारांची कॅनव्हासची पिशवी दारामागच्या खिळ्याला अडकवली, ती पुढे बरेच महिने खाली उतरली नाही.

रिकामा माणूस घरात असला की घर लहान होतं. हे दिवसभर या खुर्चीवरून त्या खुर्चीवर. मी डाळ निवडायला बसले तर समोर बसून ती परत निवडायचे.

आमची नात वनस्पतिशास्त्र शिकते आणि होस्टेलवर राहते. मी तिला ठिणगी म्हणते. पंधरा दिवसांनी घरी येते आणि आल्या आल्या काहीतरी पेटवते. एका शनिवारी ती कागदाची भली मोठी गुंडाळी घेऊन आली आणि ह्यांच्यापुढे जमिनीवर उलगडून बसली. गच्चीवर खाली माशांची टाकी. तिच्यावर लोखंडी घोड्यांवर दोन पसरट वाफे, त्यांत मातीऐवजी खडी. मासे पाणी घाण करणार, ते पाणी पंपानं वर चढणार, झाडांची मुळं त्यातलं खत खाणार आणि निवळलेलं पाणी पुन्हा माशांकडे. म्हणजे माशांचं उष्टं झाडांना आणि झाडांचं उष्टं माशांना, असं मी म्हटलं, तर ती म्हणाली, आजी, परीक्षेत हेच लिहिते.

खरी गंमत वाफ्यातून पाणी उतरण्यात होती. वाफ्याच्या मधोमध एक उभा पाइप, त्याच्यावर बंद तोंडाच्या जाड पाइपची टोपी. पाणी भरत भरत पाइपच्या काठाला आलं की टोपीखाली ओढ बसते, सगळा वाफा दोन-चार मिनिटांत गटागटा रिकामा होतो, आणि मग पुन्हा भरायला लागतो. मुळांना पाणीही मिळतं आणि वाराही.

ह्यांनी चष्मा लावून कागद खालून वर, वरून खाली पाहिला. म्हणाले, चित्र बरं आहे, पण पाण्याला चित्र वाचता येत नाही. आणि उठून दारामागची पिशवी काढली.

तीन आठवडे गच्चीवर नुसती धामधूम. ठिणगी होस्टेलवर, त्यामुळे ह्यांच्या हाताखाली मी. कापलेल्या पाइपच्या कडा मी घासायच्या, जोडाला चिकटवायचं सोल्यूशन ह्यांनी लावायचं, आणि ह्यांचा हात फार थरथरला की मी पाइप धरल्याचं निमित्त करून मनगट धरायचं. टोपी बसवायच्या दिवशी मी खाली भाकऱ्या भाजत होते. वर गेले तेव्हा दोन्ही टोप्या बसल्या होत्या आणि हे मला खडी ओतायला सांगत होते. दोन्ही वाफ्यांत मधोमध एकेक बारीक नळी खडीतून दीड हात वर आली होती. मी तिच्याभोवती खडी ओतली. पुढच्या खेपेला ठिणगीनं घेवड्याचे वेल त्या नळ्यांना बांधले आणि म्हणाली, आजोबांनी वेलांना काठ्यासुद्धा लावल्या, कागदात नव्हत्या. ह्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही, आणि ती डावीकडून बोलत होती. हे हसून मान डोलवत राहिले.

पंप सुरू झाला. पाणी चढलं, वाफे भरले, आणि भरलेलेच राहिले. ओढ काही बसेना. पाणी उभ्या पाइपच्या काठावरून नुसतं रडत रडत खाली उतरायचं. मासे मजेत होते. पण पंधरा दिवसांत पालक पिवळा पडला, पुदिन्याच्या मुळांना वास यायला लागला.

ह्यांनी काय काय करून पाहिलं नाही. पंप मोठा लावला, उतार वाढवला, टोपीच्या तळाशी पाणी आत शिरायला ठेवलेल्या खाचा रुंद केल्या. ठिणगीनं फोनवर विचारलं, "आजोबा, टोपी कुठे गळत नाहीये ना?" तर ह्यांचा चेहरा असा झाला की जसं काही तिनं ह्यांच्या हातालाच नावं ठेवली. म्हणाले, "माझ्या जोडातून एक थेंब गळला तर दाखव." आणि फोन माझ्याकडे दिला.

त्यात गच्चीचं काम निघालं. आमचा मुलगा स्वभावानं वाईट नाही, पण त्याची खोली गच्चीखाली आहे आणि छताला ओल आली होती. सोमवारी माणसं येऊन सगळ्या गच्चीला लेप देणार होती. तो हळूच म्हणाला, "बाबा, चालत असतं तर कोपऱ्यात सरकवून ठेवलं असतं. चालतच नाहीये, तर रविवारी उतरवू या का?" हे हो म्हणाले. वाद घातला नाही. मग ह्यांनी आपल्या जुन्या शिष्याला फोन लावला. कधीकाळी ह्यांच्याकडे शिकलेला, आता त्याचं स्वतःचं दुकान आहे. त्याला सांगितलं, रविवारी संध्याकाळी ये आणि पिशवी घेऊन जा, मला आता हत्यारांचा उपयोग नाही.

पिशवीचे बंद मी शिवलेले होते. तीनदा तुटले, तीनदा शिवले. ती पिशवी घराबाहेर गेली असती तर हे पुन्हा त्या खुर्चीवरून या खुर्चीवर आले असते, आणि या वेळी कायमचे. ही गोष्ट घरात मला एकटीलाच कळत होती असं नाही. पण बोलायचं कोणी?

रविवारी सकाळी हे पुढच्या खोलीत वर्तमानपत्र पसरून एकेक पाना तेलानं पुसत बसले होते. मुलगा आणि ठिणगी गच्चीवर टाकी कुठून रिकामी करायची ते बघत होते, पंप अजून चालूच होता. ठिणगीचे डोळे लाल होते. मी म्हटलं, उतरवायचंच आहे तर निदान चार शेंगा तरी काढून घेते.

घेवडा नळीच्या टोकापर्यंत जाऊन तिथे गुंडाळी करून बसला होता. एक शेंग त्या गुंडाळीत अडकली होती. मी वेल सोडवायला गेले आणि बोटाला काहीतरी टोचलं. पानं बाजूला केली. नळीच्या तोंडावर जाळी होती. तांब्याच्या तारेची, हातानं विणलेली.

वेलाच्या काठीला जाळी कोण लावतं?

मला ती भिंत आठवली, तो चुना, ह्यांच्या भिजलेल्या बाह्या. त्या मोरीनंतर ह्यांनी कुठल्याच घरात पाइपचं वाकण वाऱ्याच्या नळीशिवाय सोडलं नव्हतं. लोक नको म्हणायचे तरी लावायचे. ओढ बसली की मोरी बोलते, आणि मोरी बोलली की बायको बोलते, असं हसून सांगायचे. त्यांचा हात डोक्याला न विचारता जे करत आला, तेच त्यानं इथेही केलं होतं: टोपीलाच वाऱ्याची नळी जोडली होती, आणि वारा आत गेला की ओढ बसत नाही. बिघाड शोधताना माणूस सगळीकडे बघेल, पण स्वतःच्या चांगल्या सवयीकडे कशाला बघेल?

मी जाळी उपटली आणि नळीच्या तोंडावर अंगठा दाबला.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मुलगा विचारत होता, आई, काय करतेस? मग अंगठा आतून ओढल्यासारखा झाला, खडीखाली पाणी गुरगुरलं, आणि खालच्या टाकीत धो धो धार पडायला लागली. मासे घाबरून एका कोपऱ्यात. पाणी खडीतून सर्रकन खाली गेलं आणि शेवटी वाफ्यानं असा ढेकर दिला की मी एक्कावन्न वर्षं मागे गेले.

ह्यांना चमचा पडलेला ऐकू येत नाही, पण हा आवाज जिन्यातून खाली गेला असावा. तेलकट पाना हातात तसाच घेऊन हे वर आले. ह्यांनी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं, मग नळीकडे, मग माझ्या दुसऱ्या हातातल्या जाळीकडे. आणि उपड्या बादलीवर खाली बसले.

"ही मी बसवली," हे म्हणाले. "कधी बसवली तेसुद्धा आठवत नाही."

"तुम्ही नाही बसवली," मी म्हटलं. "मी बसवून घेतली. पहिल्या घरात."

ह्यांना आधी कळलं नाही. मग कळलं, आणि हे हसायला लागले. खांदे हलेपर्यंत. ठिणगी म्हणाली, आजोबा, मी फोनवर विचारलं होतं ना, टोपी गळतेय का म्हणून. त्यावर ह्यांचं उत्तर तयार, "गळत नव्हतीच. गळणं वेगळं. मी वाऱ्याला रीतसर दार करून दिलं होतं."

मुलगा म्हणाला, बाबा, तुम्ही बसा, मी कापतो नळी, तुमचा हात... आणि थांबला. हे पण थांबले. थरथरणारा हात त्यांनी मांडीवर ठेवला. मला वाटलं, आता पाना मुलाच्या हातात देतात.

"तू तुझी खोली आवर," मी मुलाला म्हटलं. "अहो, पिशवी आणा. मला दिवसभर अंगठा लावून बसवणार आहात का?"

हे पिशवी घेऊन येईपर्यंत मी दुसऱ्या नळीवरही अंगठा दाबून तो वाफा रिकामा केला. मग ह्यांनी मनगट खडीवर टेकवून दोन्ही नळ्या खडीलगत कापल्या, सोल्यूशन लावलं, वर बूच बसवलं. दुसरं बूच जरा तिरकं बसलं. मी मनगट धरायला हात पुढे केला होता, तो ह्यांनी हलकेच बाजूला सारला.

मग वाट बघणं आलं. वाफा भरायला अर्धा तास लागतो. आम्ही चौघं बादल्यांवर आणि पायऱ्यांवर बसून राहिलो, दवाखान्याच्या बाहेर बसतात तसे. मी शेंगा मोडत होते. हे त्या तिरक्या बुचाकडे बघत होते, दुसरं काही बघत नव्हते. पाणी काठाला आलं. क्षणभर नुसतं रडत उतरलं, आणि ठिणगीनं माझा हात धरला. मग गुरगुर, मग धार, मग ढेकर. दोन मिनिटांनी तिरक्या बुचाच्या वाफ्यानं दिला, तो पहिल्यापेक्षा मोठा.

मुलानं फोन काढला आणि लेपवाल्यांना सांगितलं, एक कोपरा शेवटी घ्या, तोवर आम्ही सामान सरकवू.

संध्याकाळी शिष्य आला. पिशवी खिळ्यावर होती. ह्यांनी त्याला गच्चीवर नेऊन अर्धा तास उभा केला, ढेकर ऐकवला आणि कुठे काय चुकलं होतं ते स्वतःच्या तोंडानं रंगवून सांगितलं. पिशवी न्यायला आलेला माणूस पुढच्या आठवड्यात स्वतःच्या गच्चीचं माप घ्यायला या, म्हणून आमंत्रण देऊन गेला. आता हे जातात. कापायला तो, सांगायला हे, आणि जोड मात्र ह्यांनीच लावायचे असं ठरलंय.

ती तांब्याची जाळी मी शिवणाच्या डब्यात ठेवली आहे. पालक सुधारला, पुदिना तर आवरत नाही. मुलगा कधीकधी घरून काम करतो. परवा फोनवर त्याची काही महत्त्वाची बैठक चालली होती आणि नेमका वरून ढेकर आला. पलीकडच्या कोणीतरी विचारलं असावं, हा आवाज कसला. मी दारात कपडे घड्या करत होते. मुलानं छताकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे सांगितलं, "काही नाही. वडिलांचं काम चालू आहे."