व्हर्जिलची अडकलेली पुंगळी

मॉन्टानाच्या पूर्व टोकाला, विलो बेंड गावाबाहेर, एका म्हाताऱ्या शिकाऱ्याच्या पश्चात त्याच्या लेकीने घरातलं सामान अंगणात विकायला मांडलं होतं. खुर्च्या, गळाच्या काठ्या, आणि गॅरेजच्या दाराशी पत्र्याची एक जुनी बादली, उडालेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांनी काठोकाठ भरलेली. आर्लिस नीगार्डने सहज एक पुंगळी उचलली, डोळ्यांजवळ नेऊन बुडावरचा शिक्का वाचला, आणि तिला भर अंगणात नाचावंसं वाटलं. शिक्का रॉबर्ट्सचा होता.

आर्लिसची रायफल तिच्या आईची. तिला रॉबर्ट्स जातीचंच काडतूस लागायचं, आणि ते दुकानांतून केव्हाच गायब झालं होतं. रिकाम्या पुंगळ्या मिळाल्या तर घरी दारू भरून, नवी गोळी बसवून काम भागलं असतं, पण पुंगळ्याही कुठे मिळेनात. गेल्या शिकारीच्या मोसमात तिने मेहुण्याची, मार्व्हिनची, रायफल उसनी नेली होती. हरीण राहिलं बाजूला, तिचाच खांदा सुजला होता.

तिने बादलीची कडी पकडली. त्याच क्षणी पलीकडून एका भल्यामोठ्या हातानेही ती पकडली.

तो हात व्हर्जिल ह्रुस्काचा होता. धान्याच्या कोठारावरून निवृत्त झालेला, साडेसहा फुटी, लग्नच न केलेला माणूस. कुलूप लावल्यावर ते दोनदा ओढून बघणारा, आणि बघितलं की नाही ते आठवायला परत येणारा, अशी गावात त्याची ख्याती. आर्लिसची त्याच्याशी ओळख म्हणजे रस्त्यात दिसला तर मान हलवण्यापुरती.

"माझा हात आधी पडला," ती म्हणाली.

"हात तुमचा आधी पडला असेल, मिसेस नीगार्ड. पण मी मघापासून बघतोय तिच्याकडे."

"बघून काय होतंय? चर्चमधल्या पियानोकडे मी तीस वर्षं बघतेय. दिला का कुणी?"

व्हर्जिलने कडी काही सोडली नाही. शेवटी त्या शिकाऱ्याची लेक कंटाळून म्हणाली की बादली दोघांनी मिळून फुकट न्या, मला गॅरेज मोकळं झाल्याशी मतलब, फक्त भांडण रस्त्यावर जाऊन करा. मग दोघं एकाच कडीला धरून गाडीपर्यंत चालत निघाले. तो ताडमाड, ती पाच फुटांची. बादली कलंडून सगळं वजन तिच्या अंगावर यायला लागलं. तो गुडघे वाकवून बदकासारखा चालायला लागला, तशी आर्लिसला हसू आलं. ते आवरेना, म्हणून बादली खाली ठेवावी लागली. नवरा गेल्यापासून सात वर्षांत ती रस्त्यात उभी राहून अशी हसली नव्हती.

भांडण काही झालं नाही. तिच्याकडे नवऱ्याने जपून ठेवलेली दारू होती, गोळ्या होत्या, बुडात बसवायच्या ठिणगीच्या टोप्या होत्या. त्याचीही रायफल त्याच जातीची, आणि त्याच्याकडे दाबयंत्र होतं, रॉबर्ट्सचा साचा होता. एकाचं दुसऱ्यावाचून अडत होतं. पुंगळ्या त्याच्या शेडमध्ये मिळून निवडायच्या आणि निम्म्या निम्म्या करायच्या, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी ती रुबार्बच्या देठांची आंबटगोड पाई आणि दातांची हत्यारं घेऊन हजर झाली. आर्लिसने सारा जन्म गावच्या दंतवैद्याच्या हाताखाली काढला होता. निवृत्त होताना दातांची कीड चाचपायची ती बारीक आकडी आणि छोटा आरसा तिने मागून घेतला होता. पुंगळी आतून चाचपायला व्हर्जिल टोक वाकवलेली तार वापरायचा. त्याने आकडी हातात घेतली, पुंगळीत घालून आतल्या बाजूने फिरवली, आणि तोंडाचा आ करून तिच्याकडे बघत राहिला.

"तोंड मिटा, नाहीतर तपासायला घेईन," आर्लिस म्हणाली.

आधी त्यांनी दुसऱ्या जातीच्या पुंगळ्या बाजूला काढल्या. मग हिरव्या पडलेल्या गेल्या. मानेला तडा गेलेल्या गेल्या. मग खरं काम सुरू झालं. पुंगळी फार वेळा भरून उडवली की बुडाच्या जरा वर आतून पितळ पातळ होतं आणि तिथे खाच पडते. अशी पुंगळी पुन्हा भरली तर बूड तुटून नळीतच राहायचं, आणि तोंडावर काय येईल ते नशीब. बाहेरून कधी चकचकीत कडं दिसतं, कधी काहीच दिसत नाही. आर्लिसची आकडी फिरायची, अडखळली की ती म्हणायची, "काढायला लागेल." व्हर्जिल मान डोलावून ती पुंगळी पकडीने चपटी करायचा, म्हणजे चुकून कुणी भरायला नको. एका पुंगळीत गांधीलमाशीने मातीचं घर केलेलं निघालं, तेव्हा तिने गंभीर चेहऱ्याने विचारलं की भाडेकरू असताना घर रिकामं करता येतं का. व्हर्जिल इतका हसला की त्याला चष्मा काढून पुसावा लागला.

चांगल्या निघालेल्या पुंगळ्या साबणाच्या पाण्यात धुऊन त्यांनी उन्हात वाळवल्या. मग अक्रोडाच्या टरफलांचा भरडा घालून त्या फिरत्या पिंपात टाकल्या. पिंपाचा खडखडाट इतका की बोलायचं तर एकमेकांच्या कानाशी जावं लागायचं. पिंप थांबल्यावरही दोघं थोडा वेळ तसेच कानाशी बोलत राहिले. आधी तिच्या लक्षात आलं, आणि ती पाई कापायला उठली.

त्या आठवड्यात आर्लिस गाडी चालवताना गाणं म्हणायला लागली. तिने केस कापून घेतले. पुंगळ्या बघायला जायचंय म्हणून निळा ब्लाऊज इस्त्री केला, आणि आरशात स्वतःला बघून तिला इतकं खुदकन हसू आलं की ओठांना लावत असलेली लिपस्टिक गालावर गेली.

मग आला साच्याचा दिवस. उडालेली पुंगळी थोडी फुगलेली असते. तिला अंगभर वंगणाचा पातळ हात द्यायचा, साच्यात दाबायची, की ती पुन्हा मापात येते. व्हर्जिल दांडा ओढत होता, आर्लिस शेजारी स्टुलावर बसून घोड्यांच्या हौदात कवळी सापडलेल्या एका शेतकऱ्याची हकीगत सांगत होती. घोड्याने कवळी तोंडात धरली होती तिथपर्यंत ती आली, व्हर्जिल तिच्याकडे बघत होता, आणि दांडा मध्येच गच्च बसला. त्याने जोर लावला. कट्ट असा आवाज झाला. पुंगळीची कड तुटून निघाली, आणि पुंगळी साच्यात रुतून बसली.

व्हर्जिलचा चेहरा पांढरा पडला, मग कानापर्यंत लाल झाला. आज इथेच थांबू, एवढंच तो कसंबसं म्हणाला. आर्लिसला वाटलं, आपल्या बडबडीने त्याचा साचा मोडला. ती हिरमुसून घरी आली. निळा ब्लाऊज तिने खुर्चीवर भिरकावला.

सकाळी तिची धाकटी बहीण डोरिन हिचा फोन आला. हसू दाबल्यामुळे डोरिनचा आवाज चिरकत होता.

"ताई, तू त्या ह्रुस्काला काय केलंस?"

"मी काय करणार? एक पुंगळी अडकली."

"तेच तर! काल तो आमच्या दारात आला होता, अडकलेली पुंगळी काढायचं सामान मागायला. मार्व्हिनचा विश्वासच बसेना. त्याच्याकडे ते सामानच नाही गं, कधी लागलंच नाही. वंगण लावायला विसरलो म्हणाला. व्हर्जिल ह्रुस्का, विसरला! मार्व्हिन म्हणतो, हा माणूस एकतर आजारी आहे, नाहीतर प्रेमात पडलाय. कॅफेत सकाळपासून याच्यावरच चर्चा चाललीये."

आर्लिसने फोन ठेवला. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तिने टॉवेल तोंडात कोंबला आणि एक लहानशी किंकाळी मारली. मग खुर्चीवरचा चुरगळलेला ब्लाऊज तसाच अंगात चढवला.

व्हर्जिल शेडमध्येच होता. पुंगळीच्या बुडाला भोक पाडून, त्यात आटे पाडून, बोल्ट घालून तो ती बाहेर ओढत होता. आर्लिस दारात उभी राहिली. वाटेत तिने तीन-चार वाक्यं तयार केली होती, त्यातलं एकही आठवेना.

"डोरिन म्हणते, तू एकतर आजारी आहेस, नाहीतर..." ती म्हणाली. आपण त्याला 'तू' म्हणालो हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

व्हर्जिलने पाना हळूच खाली ठेवला.

"ताप नाहीये मला, आर्लिस," तो म्हणाला. "सकाळी दोनदा बघितला."

नंतर पुष्कळ वेळ ती पुंगळी बोल्टवर तशीच राहिली.

उरलेल्या पुंगळ्या साच्यातून काढायला त्यांना चार दिवस लागले, एरवी ते एका दुपारचं काम. लांबी मोजायची, वाढलेली कापायची, तोंडाची धार घासायची, यातलं काहीच व्हर्जिलने सोडलं नाही. फक्त वंगणाचं काम आर्लिसने स्वतःकडे घेतलं. दारू तोलताना मात्र तिने बोलायचं नाही, असा त्याने नियम केला, आणि ती ओठांवर बोट ठेवून त्याच्याकडे बघत बसायची. त्याचा आणखीच गोंधळ उडायचा. शेवटी त्याने तिला तेवढ्यापुरतं अंगणात पाठवलं.

सप्टेंबरअखेर ते गावच्या मैदानावर नेम लावायला गेले. कॉटनवुडची पानं पिवळी झाली होती. आर्लिसने आईची रायफल खांद्याला लावली, श्वास रोखला आणि चाप ओढला. कागदावरच्या काळ्या ठिपक्याच्या कडेला भोक पडलं. आनंदाच्या भरात तिने रायफलचा बोल्ट, म्हणजे मागचा सरकता दांडा, इतक्या झपाट्याने मागे ओढला की पुंगळी टणकन उडून उंच गवतात कुठेतरी गडप झाली.

दोघं रांगत शोधायला लागले. व्हर्जिलच्या गुडघ्याला काटे टोचत होते, तिच्या केसांत कुसळं अडकली होती. पलीकडे नेम लावत बसलेला माणूस आवाज अडवायचे कानावरचे डबे बाजूला करून यांच्याकडे बघायला लागला.

"गुडघ्यावर आहेसच," आर्लिस म्हणाली, "तर विचारून टाक की."

"थांब," व्हर्जिल म्हणाला. "आधी पुंगळी सापडू दे."

ती गवतात आडवी होऊन हसायला लागली. त्याला पुंगळी सापडली. त्याने ती पुसली, उजेडात फिरवून बघितली, मान तपासली, बूड तपासलं, आकडीसाठी तिच्यापुढे हात केला. तिने आकडी दिली. आत कुठेही खाच नव्हती. मग तसंच गुडघ्यावर राहून त्याने विचारलं, आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत ती हो म्हणाली.

हरणाचा मोसम उघडला त्या शनिवारी दोघं उजाडताना टेकाडावर जाऊन पडले. खाली उतारावर चांगला कळप चरत होता. व्हर्जिल कानात म्हणाला की लग्नाला काळा कोट घालू की तपकिरी, आणि आर्लिसने विचारलं, तपकिरी तुला आहे तरी का. त्याच्याकडे तपकिरी कोट नव्हता, आणि दोघांचं हसू मोठ्याने फुटलं. कळपाने माना वर केल्या आणि धूळ उडवत तो पार क्षितिजापर्यंत पळून गेला.