पूर्वेचाच वारा

मी एक वातकुक्कुट, वाऱ्याची दिशा दाखवणारा, बोलतोय. नावात कोंबडा असला तरी दिसायला मी मासा आहे, तोही ओबडधोबड. फॅरो बेटांवरच्या एका लहानशा गावात, मटण वाऱ्यावर वाळवायच्या खोपटावर उभा आहे. थकलोय. वाऱ्याबरोबर फिरणं हे माझं एकच काम, आणि तेच मला कित्येक वर्षं करू दिलेलं नाही.

मला होग्नीने घडवलं. किनाऱ्याला वाहून आलेल्या फळीतून त्याने माझं अंग कोरलं, बिस्किटांच्या डब्याचं झाकण कापून रुंद शेपूट केलं. शेपूट मोठं हवं, म्हणजे वारा ते मागे ढकलतो आणि तोंड वारा येतो तिकडे वळतं. खांबावर त्याने बायकोची, मार्युनची, विणायची लोखंडी सुई उभी ठोकली, न विचारता. माझ्या पोटातल्या भोकात काचेचा मणी बसवला आणि मला सुईवर ठेवलं. काय भिरभिरायचो मी! मार्युनच्या हातातल्या स्वेटरची बाही मात्र अर्धीच राहिली. ती बरेच दिवस त्याच्याशी धड बोलली नाही, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला बघायची.

आमच्या गावाचा धक्का पूर्वेला आहे. पूर्वेचा वारा सुटला की लाटा थेट आत शिरतात, होडी काढता येत नाही. पश्चिमेचा असला की डोंगर आडवा येतो आणि पाणी निवांत असतं. म्हणून होग्नी सकाळी तोंड धुवायच्या आधी मला बघायचा. मी पश्चिम दाखवली की गडी निघालाच.

मग म्हातारपणी त्याच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी बजावलं, एकट्याने होडीत पाऊल टाकायचं नाही. होग्नीने मान डोलावली आणि घरी येऊन वल्ही घासायला बसला. मार्युनने भांडून पाहिलं, रडून पाहिलं. शेवटी एका दुपारी त्याला डुलकी लागलेली असताना ती शिडी लावून वर आली, माझं तोंड पूर्वेकडे वळवलं आणि करड्या लोकरीने मला खांबाला करकचून बांधलं.

"रागावू नकोस रे," ती मला म्हणाली. "तो बुडाला तर मी काय करू?"

दुसऱ्या सकाळी होग्नी खिडकीत बराच वेळ उभा राहिला. शेजारच्या धुराड्याचा धूर सरळ समुद्राकडे चालला होता. वारा पश्चिमेचा आहे हे कुणालाही कळलं असतं.

"पूर्वेचा वारा आहे," तो म्हणाला. "आज नको."

"पूर्वेचाच," मार्युन म्हणाली आणि तिने कॉफी ओतली.

त्यानंतर रोज तेच. शेजारचा हानुस चिडवायचा, की आमच्याकडे पश्चिमेचा आणि तुमच्याकडे बारमाही पूर्वेचा, एका गावात दोन हवा कशा? होग्नी म्हणायचा, मासा म्हातारा झालाय, त्याला उशिरा कळतं. मला लाज वाटायची. लोकर कुजून तुटायला आली की होग्नी स्वतःच शिडी खोपटाला टेकवून ठेवायचा, आत जायचा आणि मोठमोठ्याने घोरायचा. मार्युन वर येऊन नवी गाठ मारायची. सगळं माहीत असून दोघं एकमेकांना काही बोलली नाहीत. माणसांचं हे मला कधी उमगलं नाही.

या वसंतात मार्युनच गेली.

तिला पुरून आल्यावर काही दिवसांनी होग्नी शिडी चढला. त्याने लोकर कापली. गंजलेली सुई कुरकुरली आणि मी हळूहळू पश्चिमेकडे वळलो. खाली समुद्र शांत पडला होता, होडी धक्क्यावर तयार होती आणि अडवणारं कुणी नव्हतं. इतकी वर्षं मी याच क्षणाची वाट पाहिली होती. पण तो होडीकडे बघायला लागला आणि मला भीती वाटली.

तो खोपटाच्या छपरावर उगवलेल्या गवतावर कितीतरी वेळ बसून राहिला. मग खिशातून त्याने स्वेटरची ती अर्धी बाही काढली. तिची लोकर उसवली, माझं तोंड पूर्वेला फिरवलं आणि मला बांधून टाकलं. गाठ त्याला मार्युनसारखी जमली नाही.

"पूर्वेचाच वारा आहे गं," तो म्हणाला, आणि जपून एकेक पायरी उतरला.

इकडे कधी आलात आणि मी चुकीची दिशा दाखवतोय असं दिसलं, तर मला सोडवायला जाऊ नका. गाठ तेवढी जरा घट्ट करा.