लखनौचा चंद्रोदय

निरंजनच्या पोटात दुखायला लागलं ते मंडळाच्या दसऱ्याच्या कार्यक्रमात. गोमतीकाठ मराठी मंडळाच्या अध्यक्ष सुलभाताईंनी माइकवरून जाहीर केलं की मंडळाची वेबसाइट आता आपली सुरुची नव्यानं करणार. सुरुचीनं लॅपटॉपवर सरकत्या फोटोंचा नमुनाही दाखवला. टाळ्या पडल्या. निरंजननंही वाजवल्या, आणि ताटलीतली कोथिंबीरवडी तशीच ठेवून तो इंदिरा नगरला घरी आला.

जुनी वेबसाइट त्याची. संशोधन संस्थेतली नोकरी सांभाळून, रविवार घालवून, २००९ साली त्यानं ती एकट्यानं उभी केली होती. दिसायला ती सरकारी निविदेसारखी होती, हे खरं. पण तिच्यातल्या एका पानासाठी लखनौतल्या मराठी बायका त्याला दुवा देत. संकष्टीचा उपास चंद्र उगवल्यावर सोडायचा, आणि घरोघरची कॅलेंडरं पुण्या-मुंबईहून आलेली. त्यांतली वेळ तिकडची. लखनौत चंद्र अर्धा तास तरी आधी उगवतो, पण आमची मंडळी तो समोरच्या गच्चीवर येऊन बसला तरी कॅलेंडरकडे बघत उपाशी. निरंजननं गणित बसवून 'लखनौचा चंद्रोदय' हे पान लिहिलं, तेव्हा कुठे लोक वेळेवर जेवायला लागले.

आणि आता ही सुरुची. नवरा हवाई दलात, बदली होऊन वर्षापूर्वी आलेली, लग्नाआधी पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी केलेली. वय तिशीचं. हसतमुख, हुशार, कुणाच्याही मदतीला धावणारी. म्हणजे जिच्याबद्दल वाईट बोलायला काही सापडत नाही अशी. वर निरंजनला ती काका म्हणे. तो केस रंगवत होता, ते फुकटच म्हणायचं.

दिवाळीनंतर तिनं नवी वेबसाइट, जुनी न हलवता, चाचणीसाठी मंडळाच्या सर्व्हरवर चढवली, आणि पडद्यावर आलं नुसतं पांढरं पान. लॅपटॉपवर सगळं छान चालत होतं, सर्व्हरवर काहीच नाही. तिनं निरंजनला फोन केला.

कारण त्याला पहिल्या मिनिटात कळलं. सर्व्हरवरचं पीएचपी, म्हणजे ज्याच्या जोरावर वेबसाइट चालते ते सॉफ्टवेअर, फार जुनं होतं. सुरुचीचं काम नव्या आवृत्तीवर झालेलं. जुन्याला ते पचत नव्हतं. आणि ते जुनं राहिलं होतं ह्याच्याचमुळे. दोन वर्षांपूर्वी सर्व्हर पुरवणारे होस्टिंगवाले ते बदलून देत होते, तेव्हा निरंजननंच नको म्हटलं होतं. नव्या आवृत्तीवर चंद्रोदयाचं पान बंद पडलं असतं, आणि ते पुन्हा लिहायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

एवढं सांगायचं होतं. पण तिकडून "काका, तुम्हालाच कळेल हे" असं ऐकू आलं आणि खरं कारण त्यानं गिळून टाकलं. फाइलींच्या परमिशन तपास, तिथंच अडलं असेल, असं तो म्हणाला. कुठली फाइल कोणी उघडायची ह्याची ती सेटिंगं. त्यांचा इथं काडीचा संबंध नव्हता.

बिचारी तपासत बसली. पुन्हा फोन आला, पुन्हा त्यानं परमिशनच सांगितल्या. फोन ठेवून तो गुणगुणायला लागला तेव्हा त्याच्या बायकोनं, विभानं, विचारलं की आज स्वारी एवढी खुशीत का. तो म्हणाला, काही नाही, थंडी चांगली पडलीय.

सुलभाताईंनी शेवटी सांगून टाकलं की संकष्टीपर्यंत नवं चालू झालं नाही तर जुनंच राहू दे. निरंजनच्या मनात उकळ्या फुटल्या. पण मग सुरुचीचे फोन थांबले, आणि ह्याला घास गोड लागेना. चोराच्या मनात चांदणं. ऑफिसात डबा उघडायच्या आधी तो मंडळाची वेबसाइट उघडून बघे. जुनीच असे. तरी बरं वाटत नसे.

संकष्टीच्या संध्याकाळी सगळे महानगर नावाच्या वस्तीत सुलभाताईंकडे जमले. त्यांनी लॅपटॉप टीव्हीला जोडला, आणि नवी वेबसाइट उघडली. नीट, झरझर, देखणी. लोक वाहवा करायला लागले. निरंजनला तोंडात मारल्यासारखं झालं. म्हणजे हिनं सर्व्हरवरचं पीएचपी बदलून घेतलं, म्हणजे आपलं पान गेलं. त्यानं माउस जवळजवळ हिसकावून घेतला आणि 'लखनौचा चंद्रोदय' उघडलं.

पान चालू होतं. त्याचंच, त्याच जाड्याभरड्या अक्षरांत, आजच्या वेळेसकट.

सुरुची स्वयंपाकघरात नैवेद्याचं ताट वाढत होती. तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला. हे कसं केलंस, एवढंच त्याला विचारता आलं.

"होस्टिंगवाले अपग्रेडला तयार होते," ती म्हणाली. "पण तुमचं पान बंद पडत होतं ना. मग मीच माझं सगळं जुन्या आवृत्तीत बसवलं. सरकते फोटो गेले, बाकी हो गया."

तिचे ते सरकते फोटो त्यानं दसऱ्याला लॅपटॉपवर पाहिले होते. त्यांच्यावरच तो सगळ्यात जास्त जळला होता.

"परमिशनचा काही संबंध नव्हता, सुरुची," तो म्हणाला. "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मलाही कळलं, काका." तिनं दूर्वा नीट केल्या. "होस्टिंगवालाच म्हणाला, दो साल पहले सर ने ही मना किया था."

सुलभाताईंना सांगितलंस का, हे विचारायचं त्याला धैर्य झालं नाही. तिनं सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर बाहेर त्याला कुणी खुर्ची दिली नसती.

"अपग्रेड करून टाक," तो शेवटी म्हणाला. "पुढच्या संकष्टीच्या आत मी पान नव्यानं लिहितो. अडलं तर तुला विचारीन."

"विचारा ना."

वेळ झाली. सगळे गच्चीवर गेले, आणि पानावर लिहिलं होतं त्याच मिनिटाच्या आसपास चंद्र वर आला. आरती झाली, मोदक वाटले. ते सुरुचीनं केले होते आणि एकाचीही कळी फुटली नव्हती. निरंजनला त्याचंही वाईट वाटलं, आणि त्यानं आणखी एक मागून घेतला.