पथ्य सोडायचा दिवस

वैजनाथच्या घरात दोन वर्षांच्या लेकराच्या ताटलीवरून जेवढी भांडणं झाली, तेवढी भावाभावांत बांधावरूनसुद्धा होत नाहीत. आणि त्या ताटलीत असायचं तरी काय? गरगट्या भात, आणि त्यावर फडक्यातून गाळलेलं वरणाचं पाणी. सकाळी तेच, दुपारी तेच, दिवस मावळताना पुन्हा तेच. मीठ नावालाच. मिरची तर सोडाच, गुळाचा खडासुद्धा नाम्याच्या जिभेला ठाऊक नव्हता.

"अगं, दुखणाइताला बी याच्याहून बरं मिळतंय," वैजनाथ बायकोला म्हणायचा. "तोंडात सोळा दात हायेत त्याच्या. ते काय दाखवायला दिले का देवानं?"

शिवकन्या वर न बघता भात घोटत राहायची. "पथ्य हाय त्याचं," एवढंच म्हणायची.

पथ्य! हा शब्द ऐकला की वैजनाथच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नाम्या दहा महिन्यांचा असताना त्याला हगवण लागली. वसमतच्या एका दवाखान्यात पाच दिवस सलाईनवर होता. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "पथ्य पाळा. पातळ, मऊ द्या. दाणाबिणा काही नको." किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही आणि या दोघांनी विचारलं नाही. डॉक्टरच्या मनात आठवडाभर असेल. पण शिवकन्येच्या माहेरी, तिकडं जवळा बाजारच्या अंगाला, पथ्य म्हणजे काही हलकीसलकी गोष्ट नव्हे. काविळीचं औषध देणारा माणूस पथ्य लावतो, आणि तोच बोलावून "सोडलं" म्हणतो, तेव्हा ते सुटतं. तिच्या बापानं काविळीच्या पथ्याचे नऊ दिवस बाकी असताना एका लग्नात तळलेलं खाल्लं आणि पंधरा दिवसांत तो गेला. काविळीनं गेला की भज्यांनी, देव जाणे. अकरा वर्षांच्या पोरीनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि ते तिच्या काळजात रुतून बसलं होतं.

"ज्यानं लावलं त्यानं सोडावं," ती म्हणायची. आणि तो डॉक्टर तर कधीचाच बदलून कुठं निघून गेला होता. आता त्याला धुंडाळायचं कुठं?

म्हणून कोणी तिला वाईट आई म्हणेल, तर त्याची जीभ झडो. एकेका घासाला ती फुंकर घालायची, बोटानं चाचपायची, शीत कडक लागलं तर बाजूला काढायची. नाम्या ते पाणी प्यावं तसं गिळायचा. चावणं म्हणजे काय, हे त्याला कोणी दाखवलंच नव्हतं.

वैजनाथची आई, आशाबाई, दोघांच्या मधे पडायची नाही. एकदाच तिच्या तोंडून निघालं, "नरसीच्या नामदेवानं देवाला जेवू घातलं म्हणत्यात. आन आपल्या नामदेवाला जेवू घालणारं कोणी न्हाई." शिवकन्या त्या दिवशी चुलीपुढं बसून रडली, पण संध्याकाळी ताटलीत भातच होता.

फाल्गुनात अंगणवाडीत लेकरांची वजनं झाली. नाम्या आठ किलोसुद्धा भरला नाही. अंगणवाडीच्या संगिताताईंनी त्याच्या दंडाला पट्टी लावली, तर ती लाल रंगावर, म्हणजे धोक्यावर गेली. दंड कसला, वैजनाथच्या अंगठ्याएवढा. ताईंनी शिवकन्येला पुन्हा समजावलं. तिनं पुन्हा तेच उत्तर दिलं. मग ताईंनी वैजनाथला बाजूला घेतलं.

"भाऊ, आता खेळ न्हाई राहिला. असंच चाललं तर पावसाळा न्हाई निघायचा ह्याचा. भाकर दुधात कुस्करून द्या. अंड्याचा बलक द्या. दाण्याचं कूट द्या. पण हळूहळू बरं का. त्याला चावायची सवय न्हाई."

"व्हय, व्हय," वैजनाथ म्हणाला. पण त्याचं निम्मं ध्यान ताईंकडं आणि निम्मं घरच्या भांडणाकडं होतं. पावसाळा न्हाई निघायचा, हेच वाक्य त्याच्या डोक्यात घुमत होतं. लेकरू डोळ्यांदेखत वाळून चाललंय आणि आपण शब्दानं शब्द वाढवत बसलोय! रात्रभर तो या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला, आणि सकाळी त्यानं ठरवलं. सोडणारा माणूस सापडत नाही ना? मग आपणच सोडू.

त्या दिवशी त्याच्या शेतात हळद शिजवायचा कुकर आला होता. एकाच्या शेतातून निघून दुसऱ्याकडं जाणारं ते यंत्र, उशीर चालत नाही. बाया-गडी येऊन थांबले होते. वैजनाथनं अंगणात उभं राहून फोन कानाला लावला, दोन-चार वेळा "जी साहेब, जी साहेब" म्हणाला आणि आत आला.

"डॉक्टरचा नंबर घावला. बोललो मी."

शिवकन्येच्या हातातली पळी तशीच राहिली. "आपल्या त्याच डॉक्टरला?"

"त्यालाच. म्हणले, पथ्य सोडलं आजपासून."

"त्यांनीच म्हणलं? त्यांच्याच तोंडानं?"

"अगं व्हय म्हणतो ना!"

तिनं त्याच्या हातातल्या फोनला हात जोडले. खरंच जोडले. किती दिवसांनी तिचा चेहरा मोकळा झालेला वैजनाथनं पाहिला, आणि खोटं बोलल्याचं त्याला तिळमात्र वाईट वाटलं नाही.

"काय काय दिऊ म्हणले?"

तो चपला घालत होता. बाहेरून हाक आली होती. "समदं दे. भाकर, अंडं, शेंगदाणे. शेंगदाण्यानं ताकद येती म्हणले."

बस, एवढंच. कुस्करून, कुटून, हळूहळू, हे सगळं मागं राहिलं. मुद्दाम नाही. घाईत राहिलं, आणि आपण जिंकलो या आनंदात राहिलं.

शेतात वाफेच्या ढगात उभा राहून तो गड्यांशी हसून बोलत होता. आता दिवाळीला नाम्याला खांद्यावर घेऊन मिरवू, असं काहीबाही मनात येत होतं. अकराच्या सुमारास शेजारच्या चतुराबाईचा फोन आला. "वैजनाथ, पळत ये बाबा, पोराच्या गळ्यात काई अडकलंय."

तो गाडीवर आला तेव्हा नाम्या ओसरीवर होता. ओठ निळे पडले होते. शिवकन्या त्याच्या पाठीवर थापा मारत होती, तोंडात बोट घालत होती, पुन्हा थापा मारत होती. त्याला उचलून कुरुंद्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि मान हलवली. वाटेतच सगळं संपलं होतं.

"मूठभर दिले व्हते," शिवकन्या येईल त्याला सांगत होती. "हात पुढं केला त्यानं. आपल्या हातानं तोंडात टाकले. हसलं बी."

तिसऱ्या दिवशी माणिकराव, वैजनाथचे वडील, नातवाच्या मातीवर दूध शिंपडून आले. ओसरीवर माहेरची, सासरची माणसं बसली होती. शिवकन्या भिंतीला टेकून होती. तिनं तीन दिवसांत पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. एकाएकी तिनं वैजनाथकडं पाहिलं.

"एक इचारू का तुमाला? डॉक्टर काय म्हणले व्हते हो? शेंगदाणे अख्खे द्या, का कुटून?"

वैजनाथला वाटलं, आता सांगावं. फोन लावलाच न्हवता, एवढे तीनच शब्द. मग तिनं तोंडावर थुंकावं, बापानं पायताण काढावं, तिच्या भावांनी ओढत न्यावं, जे व्हायचं ते होऊ दे. त्यानं तोंड उघडलं. सगळी माणसं त्याच्याकडं बघत होती.

"कुटून," तो म्हणाला.

शिवकन्येनं हळूहळू मान हलवली.

"मंग बराबर हाय. मीच नीट इचारलं न्हाई." ती सासूकडं वळली. "आत्याबाई, तुमी समदे ऐका. ह्यांला कोणी बोल लावू नगा. डॉक्टर कुटूनच म्हणले व्हते."

आशाबाईंनी तिला पोटाशी धरलं. वैजनाथ उठून अंगणात गेला आणि त्या सकाळी फोन कानाला लावून जिथं उभा होता, तिथंच जाऊन उभा राहिला.