संमतीची सही

“पाचपर्यंत भावाचं संमतीपत्र आणा, नाहीतर निबंध बाद.” विद्यापीठातल्या कार्यालयाच्या बाईंनी फोनवर एवढंच सांगितलं आणि धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं.

व्यसनावर लिहिणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाचं एक पारितोषिक होतं. शेवटच्या तीन निबंधांत तिचा आला होता. निबंध सख्ख्या भावावर होता, आणि दादाला त्याचा पत्ताच नव्हता.

दादा लेथवर काम करायचा. पाच वर्षांपूर्वी त्याचा खांदा मोडला. दुखणं थांबावं म्हणून गोळ्या सुरू झाल्या. खांदा सांधला, गोळ्या मात्र सुटेनात. शेवटी एका सकाळी तो न्हाणीघरात निपचित पडलेला सापडला. उपचार झाले, आणि आता दोन वर्षं त्यानं गोळीला हात लावला नव्हता.

साडेतीनला ती कारखान्याच्या फाटकाशी पोचली. दादा तेलकट हात पुसत बाहेर आला.

“आई बरी आहे ना?” त्याचा पहिला प्रश्न.

“बरी आहे. तुझी एक सही हवी होती.”

जेवणाच्या खोलीत बाकावर बसून त्यानं निबंध वाचायला घेतला. तो एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत होता. पलीकडे यंत्रं खडखडत होती. धाकटीचा जीव टांगणीला लागला होता. न्हाणीघराचं पान आलं तेव्हा तो थांबला, मग पुढे वाचू लागला. शेवटचं पान उलटून त्यानं कागद सारखे केले.

“छान लिहिलंयस. पण तू कुठं आहेस यात?”

“मी? मीच तर सांगतेय सगळं.”

“सांगतेयस. पण गोळ्या कोण आणून द्यायचं?”

त्यानं मधलं एक पान काढून एका ओळीवर बोट ठेवलं.

“इथं ‘मित्रांकडून मिळवायचा’ असं लिहिलंयस. कुठले मित्र? मी गयावया करायचो आणि तू डॉक्टरांची जुनी चिठ्ठी घेऊन औषधांची चार दुकानं फिरायचीस. आई अजून त्या मित्रांना शिव्या घालते.”

“दादा, तू रडायचास रे. मला बघवायचं नाही.”

“माहितीये. तुला बोल लावत नाहीये मी.” त्यानं पेन मागितलं आणि संमतीपत्रावर सही ठोकली. “माझं सगळं छाप. खरं आहे ते. तुझं काय करायचं ते तू ठरव.”

भोंगा झाला. तो उठून गेला.

बसमध्ये मांडीवर वही ठेवून तिनं एक पान लिहून काढलं. बस हादरत होती, अक्षर कुत्र्याचे पाय मांजराला लावल्यासारखं येत होतं. पण चारही दुकानं आली, चिठ्ठीवर खोडलेली तारीखही आली.

पाचला दहा कमी असताना ती कार्यालयात पोचली.

“हे पान जोडायचंय,” ती धापा टाकत म्हणाली.

बाईंनी नकारार्थी मान हलवली. “निवड झाल्यावर एक अक्षरही बदलता येत नाही. संमतीपत्र आणलंयत ना? मग झालं तर. आहे तोच निबंध पुढे जाईल.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “परीक्षकांना फार आवडलाय, बरं का. कशाला हातचं घालवता?”

सही केलेला कागद धाकटीच्या हातात होता. नुसता टेबलावर ठेवायचा अवकाश. भिंतीवरच्या घड्याळात चार मिनिटं उरली होती. मग तीन.

“मला निबंध मागे घ्यायचाय,” ती म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला.

बाहेर पायरीवर बसून तिनं दादाला फोन लावला. “मागे घेतला.”

पलीकडे यंत्रांचा खडखडाट होता. “वेडी आहेस,” तो म्हणाला.

“आईला आज सांगणार आहे. मित्रांचं.”

“एकटी नको सांगूस. सहाला सुटतो मी,” दादा म्हणाला. “कोपऱ्यावर थांब. बरोबरच घरात जाऊ.”